कारंज्याच्या पोथ्या आणि दोन सह्या

माझा एक शाळूसोबती १९९० साली सुरतेला गेला. कापडबाजारात हिशेब लिहायला गेला आणि तिथलाच झाला. पहिली काही वर्षे पत्रे आली, मग दिवाळीला फोन, मग फोनवरही तेच ते : पाऊस किती, कापसाला भाव काय, अमका कसा आहे. आमच्या मैत्रीत उणे काही नव्हते, फक्त बोलायला काही उरले नव्हते. याच सुमारास मला एका रद्दीवाल्याकडे एक लहानसे पुस्तक मिळाले. मुखपृष्ठ गेलेले, आतले पान शाबूत. ‘सावयधम्मदोहा’, संपादक हिरालाल जैन, कारंजा, १९३२. मी तेव्हा जिनिंगमध्ये दिवाणजी होतो. प्राकृत म्हणजे काय हेही धड ठाऊक नव्हते. पण आपल्या गावाचे नाव छापलेल्या नव्वद वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला हात लावल्यावर ते पुन्हा रद्दीत टाकवत नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षे मी त्या पानाचा माग काढत राहिलो. हा लेख त्यातल्या एका धाग्याविषयी आहे.

कारंजा लाड आज वाशीम जिल्ह्यात आहे. वाशीम जिल्हा झाला १९९८ साली. त्या पुस्तकाच्या काळी गाव अकोला जिल्ह्यात, वऱ्हाडात. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून कारंजा महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि ते योग्यच आहे. पण याच गावात दिगंबर जैनांच्या भट्टारकांच्या तीन गाद्या होत्या : सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. तिघांची तीन मंदिरे आजही उभी आहेत, आणि काष्ठासंघाच्या मंदिरातले लाकडावरचे कोरीव काम पाहायला लोक मुद्दाम येतात. मंदिरांबरोबर पोथ्यांची भांडारे आली. भट्टारक फिरते असत, शिष्य फिरते असत, व्यापारी तर असतच. जिथे गेले तिथून पोथ्या आणल्या, नकलून घेतल्या, बासनात बांधून ठेवल्या. चातुर्मासात काही वाचल्या जात. उरलेल्यांना वर्षातून एकदा ऊन दाखवायचे आणि परत बांधायचे.

या बासनांना बाहेरच्या अभ्यासकाचा हात लागला तो विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची १९२६ साली नागपूरला छापली गेली. ती रायबहादूर हिरालाल यांची. कारंज्याच्या जैन पोथ्या तपासण्याचे काम केले ते दुसऱ्या हिरालालांनी, म्हणजे प्रा. हिरालाल जैन यांनी. (पुढे ‘धवला’च्या कामात पं. हिरालाल शास्त्री म्हणून तिसरे हिरालाल येतात. माझी पहिली दोन वर्षे या तिघांना वेगळे करण्यातच गेली.) हिरालाल जैन मूळचे नरसिंगपूर जिल्ह्यातले, अलाहाबादला शिकलेले, आणि १९२५ पासून अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज गाडी, आपली शकुंतला, तेव्हा कारंज्याहून धावत होती. अमरावतीच्या माणसाला कारंजा दूर नव्हते.

त्यांना त्या बासनांत अपभ्रंश सापडला. संस्कृत-प्राकृताच्या पुढची आणि मराठी-गुजराती-हिंदीच्या अलीकडची ही भाषा. हर्मान याकोबी या जर्मन पंडिताने ‘भविसत्तकहा’ छापून जेमतेम आठ-दहा वर्षे झाली होती. अपभ्रंशात सबंध महाकाव्ये आहेत हे तोवर फार थोड्यांना ठाऊक. इकडे कारंज्यात दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ होते, ‘णायकुमारचरिउ’ होते. मान्यखेटच्या राष्ट्रकूट दरबारातल्या भरत मंत्र्याने आणि मागाहून त्याचा मुलगा नन्न याने ज्याला घरी ठेवून लिहिते केले, तो हा कवी. कनकामर मुनीचे ‘करकंडचरिउ’ होते, ज्यात तेरापूरची लेणी येतात. ही लेणी म्हणजे तेरजवळची धाराशिवची लेणी, हे हिरालाल जैन यांनी प्रस्तावनेत मांडले. आपल्या मराठवाड्यातल्या लेण्यांचा एक साहित्यिक पुरावा वऱ्हाडातल्या बासनातून निघावा, ही मला अजूनही मोठी गोष्ट वाटते.

छापायला पैसा लागतो. तो गावातूनच उभा राहिला. चवरे घराण्याने अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला काढली. १९३१ साली पहिले पुस्तक ‘जसहरचरिउ’, संपादक परशुराम लक्ष्मण वैद्य. मग हिरालाल यांचे ‘सावयधम्मदोहा’ १९३२, ‘पाहुडदोहा’ १९३३, ‘करकंडचरिउ’ १९३४. बलात्कारगण मंदिराच्या बाजूने देवेंद्रकीर्ती ग्रंथमालेत ‘णायकुमारचरिउ’, तेही १९३३. चार वर्षांत पाच पुस्तके. एका तालुक्याएवढ्याही नसलेल्या गावाने.

आता दुसरा माणूस. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये, जन्म ६ फेब्रुवारी १९०६, गाव सदलगा, बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी भागात. घराणे जैन उपाध्यायांचे, म्हणजे पूजाअर्चा सांगणाऱ्यांचे. आडनावच ते सांगते. घरात मराठी-कानडीचा शेजार. १९३० साली एम. ए. होऊन कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवू लागले आणि १९६२ पर्यंत तिथेच राहिले. हिरालाल त्यांच्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. एक हिंदी भाषेचा, एक सीमाभागातला. एक इंग्रजी अमलातल्या वऱ्हाडात, दुसरा छत्रपतींच्या संस्थानात. दोघांनाही प्राकृताचे वेड, आणि ते वेड ज्याला समजेल असा माणूस आपापल्या गावात एखाददुसराच.

अंतराचा हिशेब वाचकांनी एकदा मनाशी करून पाहावा. अमरावतीहून बडनेरा, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे आणि तिथून मिरजेवरून कोल्हापूर. रेल्वेने हजार किलोमीटरच्या घरात. पुण्याला गाडी बदलायची, कारण पुढे कोल्हापूरपर्यंत मीटरगेज. कारंज्याहून निघालेली पोथी कोल्हापूरला न्यायची तर नॅरोगेज, ब्रॉडगेज, मीटरगेज असे तीन रूळ बदलायचे. तेव्हा या दोघांमध्ये जे काही होणार होते, ते मुख्यतः टपालानेच होणार होते.

या मैत्रीचा मला सापडलेला पहिला ठळक छापील पुरावा म्हणजे एक मतभेद आहे. माझ्या रद्दीतल्या ‘सावयधम्मदोहा’चा कर्ता कोण? हस्तलिखितांत तीन नावांचा घोळ होता : जोइंदु, देवसेन, लक्ष्मीचंद्र. हिरालाल यांनी १९३२ साली कौल दिला देवसेनाला. १९३७ साली उपाध्ये यांनी जोइंदूच्या ‘परमात्मप्रकाशा’ची आवृत्ती काढली. तिच्या इंग्रजी प्रस्तावनेत जोइंदूच्या नावावरचे एकेक पुस्तक तपासताना या पुस्तकाशी ते थांबले, हिरालाल यांचा पुरावा मांडला, आणि कौल दिला लक्ष्मीचंद्राला. आपल्याकडे विद्वानांचे एवढ्यावरून आयुष्यभर वाकडे आल्याची उदाहरणे मला नावानिशी देता येतील, पण दिवाळी आहे. इथे काय झाले? दोनच वर्षांनी हिरालाल यांनी आपल्या आयुष्यातले सगळ्यात मोठे काम छापायला काढले, आणि त्याच्या मुखपृष्ठावर संशोधनात साहाय्य करणारे म्हणून दोन नावे छापली. एक कारंज्याच्या ब्रह्मचर्याश्रमाशी निगडित पं. देवकीनंदन यांचे. दुसरे आदिनाथ उपाध्ये यांचे, ‘नेमिनाथ-तनय’ असे वडिलांच्या नावासह, संस्कृतात.

ते काम म्हणजे ‘षट्खंडागम’ आणि त्यावरची वीरसेनाची ‘धवला’ टीका. दिगंबर परंपरेतला हा सर्वांत जुना मानला जाणारा सिद्धांतग्रंथ. ताडपत्रे फक्त मूडबिद्रीला, तीही शतकानुशतके दर्शनापुरती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची नक्कल सुरू झाली, आणि त्या नकलेची नक्कल हळूहळू बाहेर पडली. अमरावतीच्या संपादनासाठी ज्या प्रती समोर ठेवल्या त्यांतली एक अमरावतीची, एक बिहारमधल्या आऱ्याची आणि एक कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमाची. हा आश्रम १९१८ साली ब्रह्मचारी देवचंद यांनी काढला. तेच पुढे समंतभद्र महाराज झाले आणि १९३४ साली कोल्हापूरजवळ कुंभोजला बाहुबलीचा आश्रम त्यांनीच उभा केला. म्हणजे कारंजा ते कोल्हापूर ही वाट या दोन प्राध्यापकांच्या आधीच कुणी तरी पायाखाली घातलेली होती.

‘धवला’चा पहिला भाग १९३९ साली निघाला. सोळा भाग पुरे व्हायला सुमारे वीस वर्षे लागली. चौथ्या भागात लखनौच्या अवधेश नारायण सिंह यांचा ‘धवला’तल्या गणितावरचा लेख आहे. यावरून हा पसारा कुठवर गेला होता ते कळेल.

पण मला इथे ग्रंथातलीच एक कथा सांगायची आहे. ‘धवला’त ती येते. गिरनारच्या चंद्रगुहेत धरसेन नावाचे वृद्ध आचार्य होते. आपल्याबरोबर हे ज्ञान जाईल या चिंतेने त्यांनी दक्षिणेतून दोन साधू बोलावले, त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना शिकवले. एकाचे नाव पुष्पदंत, दुसऱ्याचे भूतबली. (हा पुष्पदंत आपल्या अपभ्रंश कवीच्या कित्येक शतके आधीचा. पुन्हा नावांचा घोळ.) शिक्षण संपताच गुरूंनी त्यांना निरोप दिला. दोघांनी एक पावसाळा अंकलेश्वरला काढला आणि मग वाटा वेगळ्या झाल्या. पुष्पदंत वनवास देशाला, म्हणजे आजच्या बनवासीकडे गेले. भूतबली तमिळ देशात. पुष्पदंतांनी ग्रंथाचा आरंभीचा भाग, सत्प्ररूपणेची सूत्रे, लिहिला. जिनपालित नावाच्या शिष्याला तो शिकवला आणि त्यालाच भूतबलींकडे पाठवून दिले. भूतबलींनी सूत्रे पाहिली, पुष्पदंतांचे आयुष्य थोडे उरले आहे हे ओळखले, आणि पुढचा सगळा ग्रंथ स्वतः रचला.

इतिहास म्हणून या कथेचे वजन किती, हा वेगळा प्रश्न आहे. मी ती वाचली तेव्हा एवढेच वाटले की ज्या ग्रंथासाठी हे दोघे टपालाने कागद पाठवत होते, त्या ग्रंथाचा जन्मच एकाने अर्धे लिहून दूर पाठवल्याने आणि दुसऱ्याने ते पुरे केल्याने झाला होता. जिनपालित हा त्यांचा टपालवाला. हे दोघांच्या ध्यानात आले नसेल असे मला वाटत नाही, पण दोघेही असली वाक्ये लिहिणाऱ्यांतले नव्हते.

याच सत्प्ररूपणेतल्या ९३व्या सूत्राने वादळ उठवले. सूत्र मनुष्यस्त्रियांच्या आध्यात्मिक पायऱ्यांविषयी आहे. संपादकांना टीकेच्या संदर्भावरून वाटले की इथे ‘संजद’ हा शब्द गळलेला असावा, आणि तसे त्यांनी तळटीपेत नोंदवले. तीन अक्षरे. पण संजद म्हणजे संयत, पूर्ण व्रतस्थ. ती पायरी स्त्रीला मान्य केली की तिच्या मोक्षाचा प्रश्न उभा राहतो, आणि दिगंबर-श्वेतांबरांचा तोच तर जुना वाद. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी ताडून पाहिले तेव्हा तो शब्द तिथे निघाला. वाद मिटला नाही, चिघळला. त्यातच १९४४च्या सुमारास हिरालाल यांनी एक निबंध मांडला : दिगंबर आणि श्वेतांबर शासनांत मुळात काही भेद आहे काय? समाजातल्या पंडितांनी त्यांच्या खंडनार्थ ‘दिगंबर जैन सिद्धांत दर्पण’ या नावाने ग्रंथच काढला. ज्या समाजाच्या देणगीवर ‘धवला’ छापली जात होती, त्याच समाजात संपादकावर सभा भरत होत्या.

इथे कोल्हापूरच्या माणसाची जागा पाहा. उपाध्ये स्वतः उपाध्यायांच्या घरातले. दक्षिणेतले मठ, भट्टारक, पोथ्यांचे मालक यांच्या भरवशावर त्यांचे सारे संशोधन. हिरालाल यांच्यापासून दोन पावले दूर सरकणे त्यांना सोयीचे होते, आणि कुणी नावेही ठेवली नसती. नुकताच, १९४३ साली, सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ ‘तिलोयपण्णत्ती’ निघाला होता. त्यावर दोघांची नावे होती. वादळानंतर १९५१ साली दुसरा भाग आला. त्यावरही दोघांची नावे आहेत. हिरालाल यांची प्रस्तावना हिंदीत, उपाध्ये यांची इंग्रजीत, एकाच बांधणीत. १९५८ साली ‘जंबूदीवपण्णत्ती’, पुन्हा दोघे. त्याच वर्षी त्याच मालेत विद्याधर जोहरापूरकरांचा ‘भट्टारक संप्रदाय’ निघाला, ज्यात आमच्या कारंज्याच्या गाद्यांची परंपरा नोंदींसह आहे. माझ्यासारख्याचे अर्धे काम त्या पुस्तकाने केले.

उपाध्ये वादात काय म्हणाले याची वाक्ये मी इथे देत नाही, कारण माझ्या मते त्यांचे उत्तर म्हणजे ही मुखपृष्ठेच आहेत. सही काढून घेतली नाही, एवढेच. सार्वजनिक वादात मित्रासाठी माणूस यापेक्षा जास्त करू शकतो, पण बहुतेक जण एवढेही करत नाहीत.

दरम्यान अंतर कमी होण्याऐवजी वाढत गेले. १९४४ साली हिरालाल नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले. तिथून १९५५ साली थेट उत्तर बिहारात, मुझफ्फरपूरला, वैशालीच्या नावाने निघालेल्या प्राकृत संस्थेचे पहिले संचालक म्हणून. साठीत जबलपूरला. उपाध्ये कोल्हापुरातच, पण त्यांच्या मागचे संस्थान १९४९ साली विलीन झाले, कॉलेजचे धनी बदलले. शेवटी १९७१ साली तेही म्हैसूरला गेले, नव्या जैनविद्या-प्राकृत विभागासाठी. या साऱ्या काळात सोलापूरची माला आणि भारतीय ज्ञानपीठाची मूर्तिदेवी ग्रंथमाला, या दोन्हींवर प्रधान संपादक म्हणून नावांची एकच जोडी. दुसऱ्या कुणी तरी घाम गाळून केलेल्या ग्रंथाला सुरुवातीला दोन-चार पानांचे प्रधान संपादकीय, आणि खाली दोन सह्या. एकाने मसुदा करायचा, दुसऱ्याने दुरुस्त करायचा, मग तो छापखान्याला. हे वर्षानुवर्षे चालायचे तर दोन माणसांना एकमेकांच्या स्वल्पविरामांचीही सवय लागत असणार.

मला विचाराल तर इथेच गोम आहे. आठवणींवर मैत्री काही वर्षे तगते. या दोघांकडे मात्र सामायिक बालपण नव्हते, गाव नव्हते, मातृभाषाही नव्हती. आठवण काढायला काहीच नव्हते, म्हणून त्यांना दर आठवड्याला काही तरी पाठवावे लागत होते.

हिरालाल यांच्या शेवटच्या वर्षांतली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. सत्तरी उलटल्यावर ते पुन्हा कारंज्याच्या पुस्तकांकडे वळले. ‘जसहरचरिउ’ आणि ‘णायकुमारचरिउ’, दोन्हींच्या नव्या आवृत्त्या हिंदी भाषांतरासह ज्ञानपीठाने १९७२ साली काढल्या. भाषांतर हिरालाल यांचे. एकतीस-तेहतीस सालच्या त्या कारंजा प्रती तोवर माझ्या पुस्तकासारख्याच रद्दीत पोचल्या असणार. मार्च १९७३ मध्ये हिरालाल गेले. पुष्पदंताच्याच महापुराणातून त्यांनी वेचलेले महावीरचरित्र, ‘वीरजिणिंदचरिउ’, १९७४ साली बाहेर आले. संपादक म्हणून त्यांचे नाव, पाहायला ते नाहीत. त्यानंतरच्या खंडांवर प्रधान संपादकांच्या जागी उपाध्ये यांच्याबरोबर पं. कैलाशचंद्र शास्त्री यांचे नाव दिसू लागते. ८ ऑक्टोबर १९७५ ला उपाध्येही गेले.

१९७२ची ती आवृत्ती माझ्याकडे नव्हती. गेल्या वर्षी मी सुरतेच्या मित्राला सांगितले की तुझ्याकडच्या एखाद्या जैन ग्रंथालयात पाहा. तो म्हणाला, “मले त्यातलं काही समजत नाही, पण पान सांग, पाहतो बा.” दोन रविवार त्याने घालवले. तिसऱ्या रविवारी फोन आला. पुस्तक समोर उघडे होते आणि तो एकेक अक्षर लावून मला पहिले पान वाचून दाखवत होता. प्रधान संपादक, डॉ. हिरालाल जैन. खाली काय, म्हणून विचारले. त्याने चष्मा बदलला असावा. म्हणाला, “डॉक्टर आ. ने. उपाध्ये. आता पुढचं वाचू का?”

आम्ही त्या दिवशी पावसाविषयी बोललोच नाही. आता तो प्रस्तावनेच्या पानांचे फोटो काढून पाठवतो, मी अर्थ लावून उलट लिहितो, आणि जिथे मी चुकलो असे त्याला वाटते तिथे तो पेन्सिलीने खूण करून परत पाठवतो. परवा त्याची एक खूण बरोबर निघाली.